आईच्या प्रवासाचे खरे तास

आईला ताईकडे अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला पाठवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "नाशिकचं घर सोडल्यापासून तिकडच्या घरात पाय ठेवेपर्यंत खरे तास किती?" आई इन्सुलिन घेते. कधी जेवायचं, कधी टोचायचं, ते या उत्तरावर ठरणार होतं.

तिकिटावर मुंबईहून रात्री १:३०, न्यूयॉर्कला त्याच सकाळी ८. घड्याळात जेमतेम साडेसहा तास. मी वेळेतला फरक म्हणून साडेदहा मिळवले आणि सतरा लिहिले. ताईने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "अरे, साडेदहा हिवाळ्यात. मार्चमध्ये इथली घड्याळं तासभर पुढे जातात, आता साडेनऊच." म्हणजे सोळा. माझा जीव धसकला. इन्सुलिनच्या हिशेबात तासाची चूक! मग अंतरावरून पुन्हा पडताळून पाहायचं ठरवलं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून गेली. पण पृथ्वी गोल आहे. लेकीचा पृथ्वीगोल घेतला, मुंबईवर शिवणाचा दोरा धरला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. ताण बसताच तो आपोआप वर सरकला: सिंधवरून रशियात, सेंट पीटर्सबर्ग-हेलसिंकीजवळून नॉर्वे, मग आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून कॅनडा. किती वेळ मी त्या दोऱ्याकडे बघत बसलो होतो! तेवढाच दोरा विषुववृत्तावर ठेवला. त्या गोलावर दर १५ अंशांवर रेखावृत्त आखलेलं होतं. दोऱ्याने साडेसात घरं व्यापली, म्हणजे सुमारे ११२ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणून अंतर साधारण १२,५०० किलोमीटर.

ताशी ९०० किलोमीटरने हे चौदा तास होतात. तिकिटावर मात्र सोळा. वरचे दोन कुठून आले? एक तर विमान दोऱ्यावरून जातच नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि आमचं तिकीट भारतीय कंपनीचं होतं. त्यामुळे सुरुवातीलाच समुद्रावरून वळसा. दुसरं, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो, जाताना तो समोरून येतो. येताना तोच पाठीशी असतो: परतीचं विमान न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत, म्हणजे साडेचौदा तास. शिवाय धावपट्टीपर्यंतचं रेंगाळणं तिकिटाच्या वेळेतच धरलेलं असतं. सोळा पटले.

दुबईमार्गे न्यायचाही विचार होता. वाट फार वाकडी होईल असं वाटलं होतं, पण दोऱ्याने मोजलं तर जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. वेळ खातं ते तिथलं थांबणं. ते आईला नकोच होतं.

मग पूर्ण तक्ता मांडला. नाशिकहून संध्याकाळी ६ ला टॅक्सी, विमान सुटेपर्यंत साडेसात तास, हवेत सोळा, उतरल्यावर इमिग्रेशन, सामान आणि एडिसनचा रस्ता मिळून तीन. एकूण साडेसव्वीस. सगळं भारतीय वेळेतच लिहिलं, डॉक्टरांनी त्यावरच इंजेक्शनच्या वेळा टाकल्या, आणि आईला बजावलं, "वाटेत घड्याळ फिरवायचं नाही."

ताईच्या दारात तिकडचे सकाळचे अकरा वाजले होते. आईच्या मनगटावर रात्रीचे साडेआठ. तिने चपला काढल्या, तक्ता काढला आणि ताईला म्हणाली, "आधी ताट वाढ."