मडगावात तियात्र, आणि कानात मैत्रीण

तियात्र, म्हणजे गोव्याचं गाण्यांनी भरलेलं कोंकणी नाटक, रंगात आलं की अख्खं सभागृह शिट्ट्यांनी दणाणतं. मग शेजारी बसलेली गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातली मैत्रीण कानाशी येऊन विनोद मराठीत समजावते, आपण हसतो, आणि तेवढ्यात मंचावरचा पुढचा विनोद होऊन गेलेला असतो. मडगावच्या रवींद्र भवनात मराठी प्रेक्षक ओळखायचा तो या उशिरा हसण्यावरून. दोष तिचा नाही. पाहुणीला काही कळायचं राहून जाईल याची तिला खरीखुरी काळजी असते. पण तीन तास कानात कुजबुज म्हणजे धड नाटक नाही आणि धड गप्पाही नाहीत. त्यामुळे गोष्ट आधी ऐकून घ्यावी. जेवताना, रिक्षात, कुठेही. पण खेळ सुरू व्हायच्या, म्हणजे दुपारी साडेतीनच्या आत.

 

कथानक तसं अवघड नसतं. घर, जमिनीची वाटणी, परदेशी गेलेला मुलगा, दारू, सासू-सून. पहिल्या पडद्यातच वारा कुठून येतोय ते कळतं. पडदा म्हणजे इथे अंक, आणि ते सहा-सात असतात. अडतं ते कांतारांपाशी, म्हणजे गाण्यांपाशी. अंक संपला की आत सेट बदलतात, आणि तेवढ्या वेळात बंद पडद्यापुढे गायक माइकशी येऊन कांतार म्हणतो. एकटा, जोडीने, कधी तिघं-चौघं. नाटकाच्या गोष्टीशी त्याचं नातं असेलच असं नाही. आमदार, खाणी, रस्त्यातले खड्डे, जमिनी विकणारे गाववाले, कुणीही त्यात सापडतं. मराठी संगीत नाटकाची सवय असलेला माणूस हे पद आता कुठल्या पात्राचं म्हणून शोधत बसतो आणि फसतो.

बांधणी एकदा ओळखीची झाली की काम सोपं होतं. सुरुवातीची कडवी सरळ असतात, कधी तर चक्क कौतुकाची. ध्रुवपद तेच ते. खरी टाचणी असते शेवटच्या कडव्यात, बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत. म्हणून पहिल्या कडव्यालाच मैत्रिणीला विचारावं, "कोणावर आहे?" उत्तर एका नावात मिळतं आणि तेवढं पुरतं. शेवटच्या कडव्याला मात्र तिच्याकडे वळायचं नाही. ती स्वतःच दंडाला चिमटा काढते, "रांव गो, आतां आयक!" टाळ्या थांबल्या नाहीत तर गायक पुन्हा येतो. चुकलेली ओळ पकडायची ती दुसरी संधी.

कोंकणी आपल्याला कळते हा समज पहिल्या दहा मिनिटांत गळून पडतो. "हांव", "म्हाका", "तुका", "कित्याक" एवढं मी, मला, तुला, का असं लावून घेतलं तर निम्मी वाक्यं सुटतात. घात करतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. "म्हजी बायल" म्हणजे माझी बायको. "पाय" म्हणजे बाप, हा पोर्तुगीजमधून आलेला. दुःखी प्रवेशात कुणी "म्हजो पाय" म्हणून रडायला लागला तर त्याच्या पायाकडे बघू नये. रवींद्र भवनातल्या सभागृहाचं नावच "पाय तियात्रिस्त" आहे, म्हणजे तियात्राचे जनक, जुआंव आगोस्तिन्यो फर्नांडिस. हँडबिल रोमी, म्हणजे रोमन लिपीत असतं. त्यात "एक्स" दिसला की "श" वाचायचं, मग बरंचसं जमतं.

आणि हे सगळं परकं समजण्याचंही कारण नाही. पहिलं तियात्र, "इटालियन भुरगो", 17 एप्रिल 1892 रोजी झालं ते मुंबईत, न्यू अल्फ्रेड थिएटरात. धोबी तलावाच्या आसपासच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणाऱ्या गोवेकरांची ही करमणूक. आपण मात्र ते बघायला कोकण रेल्वेने मडगाव गाठतो.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे: पुढच्या रांगा टाळाव्यात. वादक मंचाच्या पुढ्यात बसतात. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम्स, सगळं जिवंत. पहिल्या दोन रांगांत बसलं तर सूर छातीत घुमतात, पण शब्द त्यांच्याखाली बुडतात, आणि कांतारात शब्दच सगळं. मधल्या रांगा, मधल्या खुर्च्या. मैत्रीण प्रेमाने पहिल्या रांगेची तिकिटं काढून ठेवणार, तेव्हा हे आदल्या दिवशीच सांगावं. तिकिटाचे पैसे ती घेत नाही, तो वाद खिडकीवर जिंकता येत नाही. मध्यंतराचा पडदा पडताच तिच्याआधी उठून कँटीन गाठावं आणि चहा-पॅटीसचे पैसे देऊन टाकावेत. तरी तिच्या पिशवीतून दोदोल, ती नारळ-गुळाची मिठाई, निघतंच. ते हाताला चिकटतं आणि मग टाळ्या वाजवायची पंचाईत होते. रुमाल ओला करून ठेवावा.

संध्याकाळच्या कोकणकन्येचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नये. खेळ लांबतो, आणि पावसाळी वेळापत्रकात ती गाडी आणखी लवकर सुटते. शिवाय खेळ सुटला म्हणजे आपण सुटलो असं होत नाही. दारात मैत्रिणीला तिच्या गावचं निम्मं इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, वर्तुळ भेटतं, अर्धा तास त्यात जातो. प्रत्येकाला ती आपली ओळख करून देते, "हें मराठी, पूण सगळें समजलें ताका." आपण मान डोलवायची. शेवटच्या कांतारातली ती ओळ नेमकी कोणावर होती, ते घरी जाताना हळूच विचारून घ्यायचं.