तापल्यावरच गाणारा अ‍ॅम्प्लिफायर

सोलापुरातली, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळच्या थंडीत एक निवृत्त गुरुजी रिक्षातून अ‍ॅम्प्लिफायर घेऊन नवी पेठेतल्या माझ्या दुकानात आले. म्हणाले, "बिघाड काही नाही, फक्त तापायला वेळ लागतो. आधी दहा मिनिटं लागायची, आता तास जातो. तेवढं कमी करून द्या."

त्यांच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. व्हॉल्व्हमधला कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत, तिथं अर्धा मिनिट थांबावंच लागतं. पण हा ट्रान्झिस्टरचा सेट. यानं लावल्या लावल्या बोलायला हवं.

गार असतानाच लावला. गुरुजींनी सोबत आणलेली भजनाची कॅसेट घातली. उजवीकडे सगळं ठीक. डावीकडे टाळ ऐकू येत होते, तबल्याची चाट येत होती, डग्गा मात्र गायब.

कागदाचं नळकांडं करून केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा एकेका कपॅसिटरवर, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या छोट्या डबीवर सोडली. पहिला, दुसरा, काही नाही. तिसरा १० मायक्रोफॅरडचा, शेंगदाण्याएवढा. त्यावर हवा धरली आणि डग्गा हळूहळू वर आला. गुरुजी खुर्चीवरून उठलेच. ड्रायर बंद केला, पाच मिनिटांत आवाज परत पातळ.

या कपॅसिटरच्या आत ओलावा असतो, वर्षानुवर्षांनी तो सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३, डब्याच्या आत किती असेल! उरलेला ओलावा गरम झाला की थोडं काम करतो, म्हणून माणसाला वाटतं यंत्र "तापलं". ते तापणं नव्हे, दुखणं आहे. तापायचा वेळ वर्षागणिक वाढत असेल तर सेट दाखवून घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

दोन्ही बाजूंचे छोटे कपॅसिटर बदलले, १०५ अंशांपर्यंत टिकणारे घातले. मग मात्र गुरुजींना वीस मिनिटं बसवून ठेवलं. आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस, म्हणजे गाणं नसतानाही त्यातून वाहता ठेवलेला थोडासा प्रवाह, गार सेटवर लावला तर तापल्यावर सरकतो. ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर, मीटरचा काटा तिथं स्थिर झाल्यावरच बायसच्या स्क्रूवरचा हात काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजींचा फोन. काही बोलले नाहीत, रिसीव्हर स्पीकरजवळ धरला असावा. डग्गा येत होता. मग म्हणाले, "आत्ताच लावलाय हो, अजून चहासुद्धा झाला नाही."