आधी सांगा, ते आणलं कोणी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. ‘टर्मिनलवरून नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) काढून टाकलं, तरी त्याचं व्हर्जन दिसतंच. असं का?’ हा प्रश्न मला सारखा येतो, आणि मी आधी उलट विचारतो: ते आणलं कोणी होतं?

लिनक्सवर एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या वाटांनी आत येतं. एप्टने, म्हणजे उबुंटू-डेबियनवर सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याच्या साधनाने, आणलेलं एप्टनेच काढायचं. एनव्हीएमने (नोडची वेगवेगळी व्हर्जनं सांभाळणाऱ्या साधनाने) होम फोल्डरमध्ये ठेवलेल्या नोडची एप्टला खबरही नसते. म्हणून काहीही काढण्याआधी ‘टाइप -ए नोड’ चालवा. पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधली जाते त्या फोल्डरांत, जितकी नोड सापडतील तितके पत्ते एकाखाली एक येतात, आणि पत्त्यावरून मालक कळतो. रस्टअपने (रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा बसवणाऱ्या साधनाने) आणलेल्या रस्टचं काम सोपं आहे, ‘रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल’ म्हटलं की झालं.

एप्टचं ‘रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतं, पण इटीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइली, म्हणजे सेटिंगच्या फाइली, ठेवतं. ‘पर्ज’ त्याही काढतं. होममधल्या तुमच्या सेटिंगला दोन्हीही हात लावत नाहीत. मला ते योग्यच वाटतं, त्या फाइली तुमच्या आहेत.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेबद्दल मात्र कळकळीने सांगतो. एकदा जुनं पायथन नको म्हणून मी ‘पायथन३’लाच पर्ज केलं. एप्टने काय काय जाणार याची लांबलचक यादी समोर ठेवली होती. मी ती न वाचता वाय दाबलं. सिस्टिमची कितीतरी स्वतःची साधनं त्याच पायथनवर उभी असतात; त्याच्याबरोबर तीही गेली आणि डेस्कटॉपही. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर फक्त लॉगिन. तेव्हा व्हार-लॉग-एप्ट फोल्डरमधली ‘हिस्टरी’ नावाची फाइल कामी आली. काय काढलं ते सगळं तिथे नोंदलेलं असतं. ते पाहून एकेक पॅकेज परत बसवलं, अख्खी रात्र गेली. तेव्हापासून मी एप्टला आधी ‘-एस’ लावतो. त्याने काहीच काढलं जात नाही, काय जाईल तेवढं दिसतं. सिस्टिमच्या पायथनला तर हातच लावत नाही. वेगळं व्हर्जन हवं असेल तर ते शेजारी बसवतो.

आणि सगळं नीट काढूनही बॅश (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) जुन्याच पत्त्यावर जाऊन ‘अशी फाइल नाही’ म्हणत असेल, तर त्याने तो पत्ता लक्षात ठेवलेला असतो. ‘हॅश -आर’ द्या, किंवा टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.