पीसीबी, संत्र्याची साल आणि परवानगीचा अर्ज : माझा अनुभव

प्रयोगाच्या परवानगीसाठी भरलेल्या सुरक्षा समितीच्या अर्जातला एक रकाना आठवला की अजूनही डोकं तापतं. 'मातीतील प्रदूषकांचे प्रमाण, अहवाल जोडावा.' अहवालासाठी तपासणी प्रयोगशाळेत गेले, तर तिथे उत्तर मिळालं, "पीसीबीची माती आहे ना? मग आधी समितीचं परवानगीपत्र आणा."

प्रयोग तसा साधा होता. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, क्लोरीन असलेली विषारी रसायनं. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातून मातीत उतरलेले पीसीबी काही जिवाणू फोडू शकतात. पण त्यासाठी लागणारं एन्झाइम ते एरवी फारसं तयार करत नाहीत. बायफिनाइल (पीसीबीचाच क्लोरीन नसलेला सांगाडा) दिलं की करतात, पण ते स्वतःच विषारी, शेतजमिनीत कसं ओतणार? पुदिन्याच्या एका जातीतल्या कार्व्होन या सुगंधी घटकानेही आर्थ्रोबॅक्टर जिवाणू कामाला लागतात, हे 1997 मध्येच दाखवलं गेलं होतं. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीन या तशाच घटकावर माझा भरवसा होता.

आणि ती माती फ्रिजमध्ये 4 अंशांवर पडून! लोकांना वाटतं, माती काय, ठेवली तर ठेवली. अहो, त्यातले जिवाणू जिवंत असतात. साठवण लांबली की कुणाची संख्या घटते, कुणाची टिकते, आणि शेवटी फ्लास्कमध्ये जाते ती जागेवरची माती राहतच नाही. हे मी समितीला लेखी कळवलं. उलट प्रश्न आला, 'प्रदूषित मातीत आणखी एक रसायन का घालता?' सालीचा अर्क म्हणजे काय, हे पुन्हा पहिल्यापासून लिहून दिलं. तरी तो रकाना रिकामाच, म्हणून अर्ज परत. मला त्या काळात झोप लागत नव्हती.

सुटका झाली ती जागामालकाकडच्या जुन्या सर्वेक्षण अहवालामुळे. तो जोडला आणि अर्ज मंजूर झाला. तेव्हा माती खणण्याआधीच मालकाकडे जुना अहवाल मागा. परवानगी आल्यावर मी माती नव्याने आणली, तुम्हीही तेच करा.

पुढचं भराभर झालं. हलके, कमी क्लोरीनचे पीसीबी अर्क घातलेल्या फ्लास्कमध्ये स्पष्ट घटले. जड मात्र जवळपास तसेच राहिले. त्यांचा क्लोरीन आधी ऑक्सिजनविना निघावा लागतो. ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जिवाणू मारलेल्या मातीचा कंट्रोल (तुलनेचा फ्लास्क) ठेवाच, नाहीतर पीसीबी जिवाणूंनी फोडले की मातीला चिकटून बसले, हे सांगता येत नाही. ऑटोक्लेव्हच्या फ्लास्कची रेघ सपाट आणि शेजारची खाली उतरलेली दिसली, तेव्हा मी तो आलेख सगळ्यांना दाखवत फिरले.

हो, एक राहिलं. अर्क थोडाथोडा, पुन्हापुन्हा घाला. लिमोनीन लवकर उडून जातं, आणि एकदम जास्त ओतलं तर ज्या जिवाणूंना जागं करायचंय तेच मरतात.