तुम्ही विचारलंत म्हणून: लोक उठून जातात, तरी तो सिनेमा का लावता?

आमचा फिल्म क्लब म्हणजे फार काही नाही, वाचनालयाचा वरचा हॉल, एक प्रोजेक्टर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि महिन्यातला एक रविवार. सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आहे म्हणून हा प्रश्नही माझ्याकडेच येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, भाजी घेताना येतो, एकदा तर डेंटिस्टने मी आ करून पडलेलो असताना विचारला, ‘अहो तो रशियन सिनेमा लावता तेव्हा निम्मी माणसं मधेच उठतात म्हणे, मग लावता कशाला? आणि वाईट नाही वाटत?’ तेव्हा उत्तर देता येण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

तो सिनेमा म्हणजे रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘मिरर’, 1975 चा. गोष्ट सांगा म्हणालात तर पंचाईत आहे. चाळिशीतला एक माणूस, तो आपल्याला धड दिसतही नाही, नुसता आवाज येतो, आजारी आहे, आणि त्याला आठवतंय. गावाकडचं लाकडी घर, घर सोडून गेलेला बाप, बापाची वाट बघणारी आई, मग युद्ध, मग मोठेपणी स्वतःच्या घटस्फोटित बायकोशी चाललेली तीच ती वादावादी. आई आणि बायको दोन्ही भूमिका मार्गारिटा तेरेखोवा या एकाच नटीने केल्यात, आणि लहानपणचा तो आणि त्याचा आत्ताचा मुलगा हेसुद्धा एकाच पोराने, त्यामुळे आपण नक्की कोणत्या काळात आहोत हे कळेपर्यंत सीन संपलेला असतो. मधेच रंगीत, मधेच ब्लॅक अँड व्हाइट, मधेच युद्धाच्या जुन्या न्यूजरील, म्हणजे तेव्हाच्या बातम्यांचं खरं चित्रीकरण. आणि म्हातारी आई म्हणून दिसते ती दिग्दर्शकाची खरी आई, कविता ऐकू येतात त्या त्याच्या खऱ्या बापाच्या, आर्सेनी तारकोव्हस्कीच्या, आणि त्याच्याच आवाजात. म्हणजे ज्या बापाने घर सोडलं त्याच्याकडूनच कविता वाचून घेतल्या. हे मला अजून पचलेलं नाही, पण असो.

घराचं तर आणखी ऐका. तारकोव्हस्की लहानपणी जिथे राहायचा तिथलं घर केव्हाच पडलेलं, तर जुने फोटो बघून त्याच जागी, त्याच पायावर पुन्हा बांधलं. समोरच्या शेतात त्याला लहानपणी कुट्टू फुललेला आठवत होता, हो तोच, उपासाच्या पिठाचा कुट्टू, पांढरी फुलं येतात त्याला. आता तिथे दुसरंच काहीतरी पिकवत होते आणि तिथल्या लोकांनी सांगितलं की या मातीत कुट्टू काही येणार नाही. सिनेमावाल्यांनी शेत भाड्याने घेऊन पेरला, आणि आला, चांगला फुलला. मग आईला तिथे आणलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून आपण बरोबर रस्त्यावर आहोत अशी त्याची खात्री पटली, असं त्याने लिहून ठेवलंय. एवढा खटाटोप स्वतःच्या आठवणीसाठी करणाऱ्या माणसाच्या सिनेमात आमच्या हॉलमधल्या माणसाला काय मिळणार, हा तुमचा मूळ प्रश्न आहे हे मला कळतंय.

पण हा प्रश्न आपल्याकडचाच नाही, आधी तो मॉस्कोत विचारून झालेला आहे. तिथल्या सरकारी सिनेमा खात्याला हा सिनेमा अजिबात रुचला नाही, मोजक्या प्रिंट काढल्या, मोजक्या थिएटरात लावला, जाहिरात जवळजवळ नाहीच. त्याच्याच बरोबरीचे दिग्दर्शक म्हणायला लागले की हा प्रेक्षकांसाठी नाही, स्वतःसाठीच काढलाय. आणि मग लोकांची पत्रं यायला लागली. तारकोव्हस्कीने पुढे सिनेमावर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच या पत्रांनी केलीय, आणि शिव्यांची पत्रं आधी छापलीत, मला हे फार आवडतं. शिव्या देणाऱ्यांत इंजिनियर बरेच! एका बाईने लिहिलं की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागलं, काय चाललंय ते लावता लावता. दुसऱ्याने सरळ कचरा म्हटलं. आमच्या हॉलमध्ये पण हाच अनुभव आहे, पहिले उठतात ते हमखास हिशोबी डोक्याचे लोक, कोण कोणाचा कोण हे कागदावर मांडायला जातात आणि मांडणी जुळली नाही की चिडतात. इंजिनियर मंडळींनी रागावू नये, मीही डिप्लोमावालाच आहे.

आणि त्याच गठ्ठ्यात गोर्की शहरातल्या एका बाईचं पत्र आहे. तिने ‘मिरर’बद्दल आभार मानलेत, आणि म्हणते माझं लहानपण असंच होतं, पण तुम्हाला कसं कळलं? तसाच वारा होता, तसंच वादळ, दिवा विझायचा आणि आईची वाट बघत बसायचं. आता गंमत बघा, तिने सिनेमाचा अर्थ लावलेलाच नाही, तिने आपल्या घरचं सांगितलंय. तारकोव्हस्की आणखी एक किस्सा सांगायचा. एका शोनंतर चर्चा रंगली होती, जाणकार मंडळी अर्थावर अर्थ काढतायत, आणि हॉल झाडायला थांबलेली बाई वैतागली, तिला घरी जायचं होतं. म्हणाली यात एवढं काय बोलायचंय, माणूस आजारी पडला, मरणाची भीती वाटली, मग आपण लोकांना किती दुखावलंय ते सगळं आठवलं आणि त्याला माफी मागायचीय. संपलं. मी आजवर ‘मिरर’वर जे काही वाचलंय त्यात इतकं नेमकं दुसरं काही नाही.

आता आमच्याकडचं सांगतो. सिनेमात एक प्रसंग आहे, युद्धाचे दिवस आहेत, खायची मारामार, आई पोराला घेऊन चिखलातून चालत एका डॉक्टरच्या घरी जाते, कानातले विकायला. डॉक्टरीणबाई बऱ्या परिस्थितीतल्या, कानातले घालून आरशात बघतात, आपलं झोपलेलं बाळ दाखवतात, मग म्हणतात जेवून जा, तेवढा एक कोंबडा कापाल का, मला दिवस गेलेत, माझ्याने होत नाही. पोरगा बाहेरच्या खोलीत अनवाणी बसलाय, आरशात स्वतःकडे बघतोय. फार हळू चालतो हा सगळा प्रसंग, माझ्या अंदाजाने सगळ्यात जास्त खुर्च्या याच वेळी सरकतात, आणि प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकली की कर्रर्र आवाज होतो त्यामुळे प्रत्येक उठणारा सगळ्यांना समजतो. काहीजण फोन कानाला लावून उठतात, फोन आलेला नसतो. एकदा असंच चाललेलं असताना मागच्या रांगेतल्या एक आजी, मुलीबरोबर आल्या होत्या, त्यांना सबटायटल वाचता येत नाही, त्या अंधारातच मोठ्याने म्हणाल्या, ‘कुड्या देऊ नको गं, ही पैसे काय द्यायची नाही.’ हॉल हसला. आणि सिनेमात खरंच ती पैसे न घेताच पोराला घेऊन तिथून पळते. नंतर आजींना कोणीतरी विचारलं तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाल्या, ‘अहो गरजेला दागिना घेऊन गेलेल्या बाईला आधी घर दाखवतात. बाळ दाखवतात. मला माहितीय ना.’

दुसरे एक गृहस्थ, आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली त्यांनी. सिनेमात आई छापखान्यात प्रूफरीडर असते, स्टालिनचा काळ, आणि एका पहाटे तिला वाटतं की आपल्या नजरेतून एक भयंकर चूक सुटली आणि ती छापून जाणार. पावसातून धावत येते, लांबलचक कॉरिडॉर, भिंतीवर स्टालिनचं पोस्टर, मशीन धडधडतायत, कागद चाळते, आणि चूक नसतेच. मग मैत्रिणीच्या कानात सांगते की कोणता शब्द छापला गेलाय असं वाटलं होतं, आणि तो आपल्याला ऐकूच येत नाही. दोघी हसतात, रडतात. आमचे हे काका अगदी पुढे सरकून बसले होते. नंतर चर्चेत कोणीतरी विचारलं की तो शब्द कोणता, प्रेक्षकाला सांगायला नको का, तर काका म्हणाले, ‘सांगायची गरजच नाही, ती कशी धावते ते बघितलं नाही का तुम्ही?’ आणि मग आणीबाणीतल्या रात्रपाळीबद्दल बोलत बसले, सेन्सॉरकडून आलेली पानं, परत जुळवलेले खिळे. ‘मिरर’ तिकडे लागला ते सालही 1975 च, हे त्यांच्या लक्षात नव्हतं, मी सांगितलं तर नुसतं हं म्हणाले.

यावरून असं समजू नका की बसून राहिलेले शहाणे आणि उठलेले अडाणी. उलट ज्याचा मला खरा राग येतो ते हे, की असले सिनेमे आवडणारे आपले काही मित्र लगेच ‘लेव्हल’ काढतात. तुमची लेव्हल नाही, तुम्हाला पेशन्स नाही, रील्स बघून डोकी बिघडलीत वगैरे. अहो ज्या माणसाने दिवसभर दुकान चालवलंय आणि आठवड्यातला एकच रविवार मोकळा मिळालाय तो दोन तास कुट्टूच्या शेतातला वारा बघायला तयार नसेल तर त्यात त्याचं काय चुकलं? हळू सिनेमा आपल्याला वेळ देतो, पण त्या वेळात काय करायचं ते सांगत नाही, आपलं स्वतःचं काहीतरी तिथे बसवावं लागतं. कधी बसतं, कधी नाही. एखाद्याच्या घरी त्यांच्या फोटोंचा अल्बम बघण्यासारखं आहे ते, ओळखीचं एक माणूस त्यात दिसलं तर तासभर जातो, नाही दिसलं तर चहा कधी येतोय याकडे लक्ष. आणि ओळखीचं दिसणं हे शिक्षणावर तर अजिबातच नसतं.

हे मराठीत पण बघायला मिळालं की. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’, त्याला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला 2025 मध्ये वर्ल्ड सिनेमा ड्रॅमॅटिक या गटातलं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं, मग सप्टेंबरात आपल्याकडे थिएटरला लागला. तोही असाच स्वतःच्या आयुष्यातून आलेला, वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांसाठी गावी जातो, सुतकाचे नियम पाळतो, लग्न का करत नाही म्हणून नातेवाईक मागे लागलेले, आणि तिथे लहानपणचा मित्र भेटतो. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी. मी बघितला त्या शोला मागे दोन पोरं कंटाळून कुजबुजत होती, आणि माझ्या शेजारच्या बाई, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट त्यांना कितपत रुचेल असं मला उगाचच वाटत होतं, त्या गुंतल्या होत्या त्या सुतकात. कोणी काय खायचं, कोणी कुठे झोपायचं, पायात काय घालायचं नाही, हे पडद्यावर येईल तशा माना हलवत होत्या. आणि त्या मुलाची आई त्याची बाजू घेते तिथे मात्र मान हलायची थांबली, एकटक बघत राहिल्या. त्या वाटेने आत गेल्या त्या. पण त्या वाटेने जायला दहावा माहीत असायला लागतो, सनडान्सच्या ज्युरींना तो माहीत नव्हता, ते दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने गेले असणार.

‘मिरर’मध्ये आपल्याला वाट नाही अशा जागा आहेत हेही मान्य करू. मॉस्कोतल्या फ्लॅटमध्ये ते स्पॅनिश लोक येऊन भांडतात तिथे आमचा अख्खा हॉल गळपटतो, स्पेनच्या यादवीतून रशियात आणलेली मुलं मोठी होऊन तिथेच राहिली हे माहीत नसेल तर ते कोण आणि का ओरडतायत हेच कळत नाही. म्हणून तेवढं मी आधी सांगतो. आणि सैनिक चिखलपाण्यातून तोफा ओढत नेतात ती न्यूजरील, ती क्रिमियाजवळची सिवाश नावाची उथळ खाडी ओलांडतानाची, 1943 ची, खरी आहे, आणि ती शूट करणारा कॅमेरामन त्याच दिवशी मारला गेला असं तारकोव्हस्कीने लिहिलंय, हेही सांगतो. बाकी काही नाही. पूर्वी आमच्यात एकजण वीस मिनिटं प्रस्तावना करायचे, प्रतीकं, पाणी म्हणजे काय, आरसा म्हणजे काय, त्याने लोक सिनेमा सुरू व्हायच्या आधीच दमायचे आणि मग परीक्षेला बसल्यासारखे पाणी शोधत बसायचे. कवितांच्या वेळी सबटायटल सुटलं तर सोडून द्या एवढं मात्र आवर्जून सांगावं लागतं, नाहीतर माणूस खालची ओळ वाचतो आणि वर चाललेलं जातं.

तर वाईट वाटतं का. सुरुवातीला वाटायचं. आता मी सिनेमा संपल्यावर लगेच चर्चा ठेवत नाही, आधी खाली चहा, मग ज्याला वर यायचंय त्याने वर यावं. आणि झालं असं की उठून गेलेले बरेचजण घरी गेलेलेच नसतात, तिथे टपरीवरच उभे असतात, कोणाची गाडी अडकलेली असते, कोणाची बायको वर बसलेली असते. गेल्या वेळी तिथे मेडिकलवाले एकजण भेटले, सुरुवातीलाच उठलेले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, ‘साहेब, आपल्याला नाही जमलं. पण ते गोठ्यासारखं काहीतरी जळत होतं ना, आणि इकडे पागोळ्या गळतायत, पावसात आग कशी काय लागली हो?’ मी म्हटलं लागली खरी, तसंच आठवतंय त्याला. मग ती बाई विहिरीपाशी जाऊन बसते, तोंडावर पाणी मारते, शेजारी बादली, हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, माझ्यापेक्षा बारीक बघितलं होतं. मग म्हणाले, ‘पुढे काय झालं?’ मी म्हटलं पुढे तसं काही होत नाही. ‘बघा, म्हणून उठलो,’ म्हणाले, आणि दोन्ही चहांचे पैसे त्यांनीच दिले.