एकाच खोलीतलं पोलीस ठाणं

बाबांनी टीव्हीवरचा कुठलाच पोलीस कधी शेवटपर्यंत बघितला नाही. ३४ वर्षं पुणे पोलिसांत काढली त्यांनी, शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले, आणि घरात कुठलीही पोलिसांची सिरियल लागली की पाच मिनिटांत उठून गॅलरीत जायचे. गाडीच्या टपावरून उडी मारणारा इन्स्पेक्टर दिसला की एकच प्रश्न, ह्याची स्टेशन डायरी कोण लिहितं?

त्याच बाबांनी माझ्याबरोबर बसून ५० वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन सिरियलचे सगळेच्या सगळे भाग बघितले. गेल्या रविवारी शेवटचा भाग संपला आणि तेव्हापासून मला घरात चुकल्या-चुकल्यासारखं होतंय, म्हणून हे लिहायला बसले.

सिरियलचं नाव बार्नी मिलर. मला ती सापडली २०१३ मध्ये, कंपनीने न्यू जर्सीला ऑनसाईट पाठवलं होतं तेव्हा. पहिले आठ-दहा दिवस झोपेचं पार खोबरं झालेलं, रात्री दोन वाजता टक्क जागी, आणि टीव्हीवर एक चॅनल होतं ज्यावर सगळं जुनंच लागायचं. तिथे आधी बास गिटार ऐकू आली, एकटीच, ढुम ढुम करत चाललेली, आणि मग पडद्यावर न्यूयॉर्कच्या इमारती आणि मग एक खोली. रंग उडालेल्या भिंती, लाकडी टेबलं, कोपऱ्यात जाळीची कोठडी, फायलींची कपाटं, एक कॉफीचं भांडं आणि संडासाचा दरवाजा. मी उठून बसले. कारण ही खोली मला माहिती होती. शिवाजीनगरच्या पोलीस लाईनीत वाढले मी, आणि आई डबा द्यायला पाठवायची तेव्हा बाबांच्या ठाण्यात जी खोली बघितली होती ती हीच, फक्त पंखा नव्हता आणि भिंतीवर शिवाजी महाराज नव्हते.

आता थोडी माहिती देते, कारण माझ्या ऑफिसात कॉफी शॉपमधल्या त्या सहा मित्रांची सिरियल सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण हिचं नाव एकानेही ऐकलेलं नव्हतं. डॅनी अर्नल्ड आणि थिओडोर फ्लिकर यांनी ती तयार केली, एबीसी ह्या अमेरिकन चॅनलवर जानेवारी १९७५ ला सुरू झाली आणि मे १९८२ ला संपली, आठ सीझन. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातलं बारावं प्रिसिंक्ट, म्हणजे आपल्या भाषेत ठाणं, आणि त्यातल्या डिटेक्टिव्हांची वरच्या मजल्यावरची खोली. जवळजवळ सगळी सिरियल त्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या कॅप्टनच्या केबिनमध्ये घडते. पाठलाग नाहीत, गाड्या नाहीत, गोळीबार असलाच तर बाहेर कुठेतरी होऊन गेलेला असतो आणि आपल्याला कळतो तो दारातून आत येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरून. संपल्यावर, म्हणजे १९८२ मध्येच, तिला सर्वोत्कृष्ट कॉमेडीचं एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं. सात वर्षं चालली आणि बक्षीस मिळालं तेव्हा खोलीला कुलूप लागलेलं होतं, हे मला अजूनही लागतं.

परत येताना डीव्हीडीचा अख्खा बॉक्स घेऊन आले. इथल्या प्लेअरवर तिकडच्या डीव्हीडी चालत नाहीत हे इथे आल्यावर कळलं, मग तापकीर गल्लीत जाऊन कुठल्याही देशाची चालेल असा प्लेअर शोधून आणला. आणि तरी सगळं तसंच पडून राहिलं बरीच वर्षं, लग्न झालं, मुलगी झाली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते सहा आठवडे माझ्याकडे कोथरूडला होते, उठून गॅलरीत जाता येत नव्हतं त्यांना, आणि मी तो बॉक्स काढला.

बाबांना इंग्रजी वाचता येतं पण ऐकून पटकन कळत नाही, म्हणून खाली अक्षरं लावायची, मी मध्ये मध्ये थांबवून सांगायचं, असं चालू झालं. पहिल्या दोन-तीन भागांत ते नुसते बघत होते. मग फिश आला, म्हणजे होताच तो, पण बाबांना दिसला. फिश हा तिथला सगळ्यात म्हातारा डिटेक्टिव्ह, एब विगोडा नावाच्या नटाने केलाय, तोच ज्याने गॉडफादरमध्ये टेसिओ केला होता. खांदे पडलेले, चेहरा कायम उतरलेला, पाय दुखतायत, मूळव्याध आहे, दर थोड्या वेळाने संडासाकडे निघतो, घरून बायकोचा फोन येतो आणि हा हळू आवाजात काहीतरी बोलून ठेवतो. बाबा म्हणाले, अगं हा आमच्यातला आहे. विसर्जनाचा बंदोबस्त करून बाबा घरी यायचे ते मला आठवलं. अलका चौकात २४ तासांहून जास्त उभं राहून आलेला माणूस, बूट काढताना तोंडातून आवाज यायचा त्यांच्या, आई गरम पाण्यात मीठ घालून घमेलं पुढे ठेवायची आणि ते तसेच खुर्चीत झोपून जायचे. फिशला बघून लोक हसतात आणि हसावंच, पण त्याचे पाय खरे आहेत.

मला ह्या सिरियलबद्दल जे म्हणायचंय ते इतकंच आहे की पोलिसाचं काम म्हणजे मुख्यतः एका खोलीत बसून, जो येईल त्याचं ऐकून घेणं, आणि हे ज्याने ओळखलं त्याने ती खोली सोडून बाहेर जायची गरजच ठेवली नाही. लांडगा होणार आहे मी आज रात्री, मला आत्ताच कोठडीत टाका, असं सांगणारा माणूस येतो. मी भविष्यातून आलोय म्हणणारा येतो. आणि कॅप्टन बार्नी मिलर, हॅल लिंडनने इतक्या शांतपणे केलाय तो, कुणालाही हसत नाही. खुर्ची देतो, बसा म्हणतो, विचारतो. सगळी गंमत त्या समोरच्या माणसाची टर न उडवता होते, आणि हे लिहायला किती अवघड आहे याचा विचार करा. डॅनी अर्नल्ड शूटिंग चालू असताना सीन पुन्हा पुन्हा लिहायचा, शूटिंग पहाटेपर्यंत लांबायचं, इतकं की समोर प्रेक्षक बसवून शूट करणं पुढे सोडूनच द्यावं लागलं. ती मेहनत दिसत नाही पण वाक्यावाक्याला जाणवते.

बाबांच्या ठाण्यात एक आजोबा यायचे दर सोमवारी. पेठेतल्या वाड्यात राहायचे, वाड्यातला नळ घरमालकाने मुद्दाम बंद केलाय अशी तक्रार. सुरुवातीला एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली, दोनदा जाऊन पाहून आले, नळ व्यवस्थित चालू. तरी आजोबा यायचेच. बाबांनी म्हणे एक वही वेगळी ठेवली होती त्यांच्यासाठी, त्यात तारीख घालून तक्रार लिहायचे, आजोबांची सही घ्यायचे, चहा पाजायचे आणि पाठवायचे. तीन वर्षं. हे बाबांनी मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, तो लांडग्याचा भाग बघताना सांगितलं, आणि म्हणाले, ह्या बार्नीनेही वही ठेवली असती.

प्रत्येकाबद्दल लिहायला बसले तर पोस्ट संपणार नाही. वोजो आहे, मनाने साफ, बोलून गेल्यावर विचार करणारा. हॅरिस, सूट कडक, ठाण्यात बसून पोलिसांवरच कादंबरी लिहिणारा. डीट्रिक, ज्याला जगातलं सगळं माहिती असतं. इन्स्पेक्टर लूगर, जो वरून येतो आणि जुन्या मेलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणी काढून सगळ्यांचा वेळ खातो, आणि हळूहळू कळतं की ह्या माणसाला घरी जायला कुणी नाहीये. चरस घातलेल्या ब्राऊनी सगळ्यांच्या पोटात जातात तो भाग तर आम्ही तीनदा बघितला. वोजोच्या मैत्रिणीने दिलेल्या असतात आणि त्यालाही माहिती नसतं, आणि नेमका फिश त्या दिवशी पहिल्यांदा खूश असतो. आईने त्यावर होळीला लाईनीत कुणीतरी भांग घातलेली भजी वाटली होती तो किस्सा सांगितला, तो मी इथे लिहिणार नाही, त्यातले लोक अजून आहेत.

पण येमानाबद्दल लिहायलाच हवं. निक येमाना, घोड्यांवर पैसे लावणारा, फायली कुठे लावल्यात हे त्यालाच माहिती, आणि ठाण्याची कॉफी तो करतो, जी पिऊन प्रत्येकाचं तोंड वाकडं होतं आणि तरी प्रत्येकजण पितो. जॅक सू हा नट. त्याचं खरं नाव गोरो सुझुकी, कॅलिफोर्नियात वाढलेला जपानी घरातला मुलगा, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांमध्ये डांबलं तेव्हा हाही युटामधल्या टोपाझ छावणीत होता. त्याच देशाच्या टीव्हीवर पुढे त्याने एक साधा, थकलेला, हजरजबाबी न्यूयॉर्कचा पोलीस केला, सोंग नाही, विचित्र उच्चार नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये कॅन्सरने गेला, सिरियल चालू असतानाच. मग त्या मे महिन्यात एक भाग केला त्यांनी, ज्यात सगळे नट नट म्हणूनच बसलेत त्याच सेटवर, त्याचे जुने सीन दाखवतायत, आणि शेवटी सगळे कॉफीचे कप उचलतात. बाबांनी रिमोट मागून घेतला आणि तिथे थांबवलं. त्यांच्या बॅचचे दोघे कोविडच्या बंदोबस्तानंतर गेले, रिटायरमेंटला थोडेच महिने राहिले असताना, आणि तेव्हा कुणाला कुणाच्या घरीही जाता आलं नव्हतं.

आणि एक चानोचा भाग. पहिल्या सीझनमधलाच. चानो हा तडफदार, बोलबच्चन डिटेक्टिव्ह, बँकेवरच्या दरोड्यात त्याच्या गोळीने दोघं मरतात. लोक अभिनंदन करतात, हिरो म्हणतात. इथे सिरियल क्वचित करते तसं ती खोली सोडते, बार्नी त्याच्या घरी जातो, आणि तो तगडा माणूस रडतो. कॉमेडी आहे ही, लक्षात घ्या, १९७५ सालची. मी बाबांकडे बघितलं नाही तेव्हा. थोड्या वेळाने तेच म्हणाले, तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस. मुठेत एक मुलगा बुडाला होता, पानशेतचं पाणी सोडलं होतं तेव्हा, त्याचा पंचनामा बाबांनी केला होता. मुलाच्या मुठीत चप्पल होती, एक, घट्ट धरलेली, आणि पंचनाम्यात ती लिहावी लागते, रंग, नंबर, डावी का उजवी. घरी येऊन बाबा जेवले नव्हते आणि आईने विचारलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, उजवी होती, तुम्ही झोपेत बोललात.

बाबांचा सगळ्यात लाडका मात्र लेविट. ऑफिसर कार्ल लेविट, युनिफॉर्ममधला, उंचीने लहान, रॉन कॅरी हा नट. वर डिटेक्टिव्हांच्या खोलीत टपाल घेऊन येतो आणि दरवेळी बार्नीला आडून आडून विचारतो की मला वर कधी घेणार. कुणी सुट्टीवर असेल तर त्याला साध्या कपड्यांत बसवतात आणि तो इतका खूश होतो, आणि तो माणूस परत आला की पुन्हा खाली. वर्षानुवर्षं. बाबांनी खात्याअंतर्गत फौजदाराची परीक्षा तीनदा दिली. एकदा बंदोबस्तामुळे अभ्यास झाला नाही, एकदा थोडक्यात गेली, आणि एकदा पास होऊनही एका साहेबांच्या शेऱ्यामुळे नाव यादीत आलं नाही, तो शेरा काय होता हे त्यांना शेवटपर्यंत दाखवलं गेलं नाही. घरात हा विषय निघत नाही. पण लेविट टपाल घेऊन जिना चढून आला की बाबा पुढे सरकून बसायचे, आणि बार्नी त्याला टाळायला लागला की म्हणायचे, सांग ना रे त्याला सरळ.

शेवटचा भाग तीन तुकड्यांत आहे. ठाण्यात एक जुनं पिस्तूल सापडतं, त्यावरून निघतं की पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याचा प्रमुख असताना ह्याच इमारतीतून काम बघायचा, मग इमारत ऐतिहासिक वास्तू म्हणून जपायची ठरते आणि त्या जपण्यापायी माणसांना बाहेर काढतात, एकेकाची बदली एकेका ठाण्याला. आपल्याकडे वाड्यांचं जे होतं त्याच्या अगदी उलट, पण माणसं विखुरतात ती तशीच. बाबांना बदली काय असते ते समजावून सांगावं लागलं नाही.

आणि तिथे लेविटला बढती मिळते, सार्जंट. मी थांबवून बाबांना सांगितलं.

बाबांनी विचारलं, खांद्यावर काय लागतं तिकडे सार्जंटला?

मी फोनवर शोधलं. खांद्यावर काही नाही, बाबा, दंडावर तीन फिती.

तीन फिती, बाबा म्हणाले. म्हणजे हवालदार झाला. आणि त्यांनी आईला आत हाक मारली, अगं, लेविट हवालदार झाला, चहा टाक.