‘द अॅव्हेंजर्स’ची फेरपाहणी : कृष्णधवल पर्व पूर्ण, रंगीत पर्वाला आरंभ

‘द अॅव्हेंजर्स’ ही ब्रिटिश साहसमालिका पहिल्यापासून क्रमाने पुन्हा पाहण्याचा जो उपक्रम मी हाती घेतला आहे, त्यातील चौथे पर्व, म्हणजे 1965-66 मधील 26 कृष्णधवल भाग, आता पाहून झाले असून 1967 मधील रंगीत भागांना सुरुवात झाली आहे. नव्याने या नोंदींकडे वळणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की, मार्व्हलच्या महानायकांशी या मालिकेचा काहीही संबंध नाही. ही गोष्ट आहे जॉन स्टीड या बोलर हॅट घालणाऱ्या सभ्य गृहस्थाची आणि त्याच्या बुद्धिमान, लढाऊ सहकारी स्त्रियांची. या मालिकेचे नाव निघाले की तिचा दिमाख, तिचे कपडे आणि तिच्या मोटारी यांचीच चर्चा होते. कृष्णधवल पर्व सलग पाहिल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे की, या दिमाखाचे मूळ दिग्दर्शकांनी चौकटीतून काय काय काढून टाकले यात आहे, आणि कपडे व मोटारी उठून दिसतात त्या त्यांच्याभोवती मोकळी जागा ठेवलेली असल्यामुळेच.

मागील टप्प्याचा आढावा थोडक्यात घेते. मालिका जानेवारी 1961 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा नायक इयन हेंड्रीने साकारलेला डॉ. डेव्हिड कील हा होता आणि पॅट्रिक मॅकनीचा स्टीड दुय्यम होता. त्या पहिल्या पर्वातील तीन भाग पूर्ण आणि पहिल्याच भागाचा सुरुवातीचा तुकडा एवढेच आज उपलब्ध आहे; त्यांपैकी ‘टनेल ऑफ फिअर’ तर 2016 मध्ये हाती लागला. ऑनर ब्लॅकमनने साकारलेली कॅथी गेल ही स्टीडची सहकारी असलेली पुढची पर्वे स्टुडिओत व्हिडिओटेपवर, जवळजवळ नाटकासारखी सलग चित्रित केलेली आहेत. ती मला अतिशय प्रिय आहेत, परंतु त्यांची ताकद संवादांत आणि अभिनयात आहे. ब्लॅकमन ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटासाठी मालिका सोडून गेली, अमेरिकी बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून निर्मिती लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत 35 मि.मी. फिल्मवर आली, आणि येथून पुढे कॅमेरा बोलू लागला.

हा बदल ‘द टाउन ऑफ नो रिटर्न’ या पहिल्याच भागाच्या पहिल्या दृश्यात कळून येतो, म्हणून ते दृश्य मी थांबवून, मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिले. ओसाड समुद्रकिनारा आहे. लाटांतून एक मोठे गाठोडे चालत बाहेर येते, त्याची चेन आतून उघडते आणि आतून नीटनेटक्या सुटातला, हातात छत्री असलेला, पूर्ण कोरडा माणूस बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला तो गावाचा रस्ता विचारतो आणि कोळी त्याला रस्ता दाखवतो. कोळ्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेशही नसतो, आणि तेथेच प्रेक्षकाला या जगाचा कायदा समजतो. पुढे स्टीड आणि त्याची या पर्वातील सहकारी मिसेस पील (डायना रिग) आगगाडीतून नॉरफकच्या किनाऱ्यावरील त्या गावाकडे निघतात, तेव्हा स्टीड आपल्या पिशवीतून चहाचा सगळा सरंजाम काढून डब्यात साग्रसंगीत चहा मांडतो. तेथेही कोणी काही बोलत नाही. विलक्षण गोष्ट अगदी सहज घडू द्यायची आणि तिच्याकडे बोट दाखवायचे नाही, ही जी शिस्त पुढील पंचवीस भागांत बहुतांशी टिकली, तिची बैठक ब्रायन क्लेमेन्सने लिहिलेल्या या भागात घातली गेली आहे. हा भाग आधी एलिझाबेथ शेफर्ड या अभिनेत्रीला मिसेस पील म्हणून घेऊन चित्रित झाला होता आणि डायना रिग आल्यावर तो पुन्हा चित्रित करावा लागला, हे ठाऊक असूनही पडद्यावर त्या खटाटोपाची एकही खूण मला सापडली नाही.

ओसाडपणा हा तर या पर्वाचा नियमच आहे. रस्त्यावर सामान्य माणसे दिसता कामा नयेत आणि गणवेशातला पोलीस दिसता कामा नये, असे पथ्य क्लेमेन्सने ठरवून पाळले होते. नोंदवहीत मी यासाठी स्वतंत्र रकाना ठेवला आहे आणि त्यात सर्वांत वरचे स्थान ‘द अवर दॅट नेव्हर वॉज’ला दिले आहे. हवाई दलाचा एक तळ बंद होणार आहे, तेथील निरोपसमारंभाला स्टीड आणि मिसेस पील निघाले आहेत. वाटेत आडव्या आलेल्या कुत्र्याला वाचवताना गाडीला अपघात होतो, घड्याळ अकरावर थांबते, आणि ते दोघे तळावर पोहोचतात तेव्हा तेथे चिटपाखरूही नसते. मेजवानीची टेबले मांडलेली आहेत, सजावट लावलेली आहे, माणूस मात्र एकही नाही. नंतर दूरवर एक दूधवाला जिवाच्या आकांताने पळताना दिसतो आणि गोळी लागून कोसळतो. दिग्दर्शक जेरी ओ’हाराने हे दृश्य जवळून दाखवलेले नाही; त्या अफाट मोकळ्या पटांगणात तो माणूस ठिपक्याएवढा दिसतो आणि त्याचे मरण म्हणूनच अंगावर येते. यानंतर स्टीड शुद्धीवर येतो तो पुन्हा त्या गाडीपाशी. मिसेस पील नाहीशी झालेली असते आणि तळावर मेजवानी रंगात आलेली असते. रॉजर मार्शलच्या या कथेचा उलगडा शेवटी बेताचाच वाटतो, हे मान्य करायला हवे, पण पहिल्या अर्ध्या तासाची सर रंगीत पर्वातील मी आतापर्यंत पाहिलेल्या एकाही भागाला आलेली नाही.

नेपथ्याच्या बाबतीत ‘द हाउस दॅट जॅक बिल्ट’ मी लागोपाठ दोनदा पाहिला, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून. मिसेस पीलला एका काकांकडून वारसाहक्काने घर मिळते, ती एकटीच तेथे जाते आणि जुन्या धाटणीच्या दरवाजातून आत शिरल्यावर एका यंत्रात सापडते. कोणताही दरवाजा उघडला तरी ती फिरून त्याच खोलीत येते. तिने पूर्वी आपल्या वडिलांच्या उद्योगातून काढून टाकलेल्या प्राध्यापक केलरने तिला वेड लावण्यासाठी हे घर उभारलेले असते आणि तो स्वतः केव्हाच मेलेला असतो. हॅरी पॉटलचे नेपथ्य येथे निव्वळ रेषा, वर्तुळे आणि पट्ट्या यांचे आहे. आवाज बंद करून पाहताना लक्षात येते की, भीती उभी राहते ती काळ्या-पांढऱ्याच्या विरोधातून आणि त्यात एकट्याने फिरणाऱ्या रिगच्या चालण्यातून. ती किंचाळत नाही. ती हिशेब करते, खुणा करून ठेवते, चिडते आणि पुन्हा विचार करते. साठच्या दशकातील दूरचित्रवाणीवर स्त्री-पात्राला असा विचार करण्यासाठी एवढा वेळ दिलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

रिगविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्याकडील अनेकांना ती ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील ओलेना टायरेल म्हणून माहीत आहे, तिचे बालपण मात्र भारतात, बिकानेरमध्ये गेले. तिचे वडील तेथे रेल्वेत अभियंता होते, ती आठ वर्षांची होईपर्यंत तेथेच वाढली आणि तिला हिंदी बोलता येत असे. रॉयल शेक्सपिअर कंपनीतून ती थेट या मालिकेत आली आणि तिच्या उच्चारांतली नाट्यशिस्त प्रत्येक भागात ऐकू येते. जॉन बेट्सने तिच्यासाठी केलेले कपडे या पर्वात मुद्दाम काळ्या-पांढऱ्या भौमितिक आकृत्यांचे आहेत, कारण कृष्णधवल पडद्यावर त्यांची रेषा तुटत नाही. ते कपडे दुकानांतही विक्रीस आले होते. एवढी लोकप्रियता असूनही आपले मानधन कॅमेरामनपेक्षा कमी आहे, हे कळल्यावर तिने उघडपणे वाद घातला आणि ते वाढवून घेतले. त्या काळी वृत्तपत्रांनी तिला पैशांची हावरट ठरवले. पुढे अनेक वर्षांनी ती याविषयी बोलली तेव्हाही त्या वेळी आपल्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही, असेच तिने सांगितले. स्टीडच्या बाबतीत मॅकनीचा एक आग्रह मला तितकाच मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात नौदलात राहून त्याने मृत्यू जवळून पाहिला होता, आणि म्हणूनच स्टीडने पिस्तूल बाळगू नये, असे त्याने धरून ठेवले. छत्री आणि पोलादी अस्तराची हॅट ही स्टीडची हत्यारे ठरली ती त्यामुळे.

‘स्मॉल गेम फॉर बिग हंटर्स’ आणि ‘हनी फॉर द प्रिन्स’ हे दोन भाग आपल्यासारख्या प्रेक्षकांनी जरा थांबून पाहावेत, अशी माझी सूचना आहे. पहिल्यात कर्नल रॉलिंग्ज हा म्हातारा लष्करी अधिकारी हर्टफर्डशरमध्ये, लंडनपासून हाकेच्या अंतरावर, कृत्रिम जंगलात राहतो आणि आपण अजूनही ‘कलाया’ या वसाहतीतच आहोत, अशा समजुतीत दिवस काढतो. बिल फ्रेझरने हा कर्नल अतिशय जिव्हाळ्याने उभा केला आहे. साम्राज्य हातचे गेले, ही गोष्ट एका पिढीच्या गळी उतरत नव्हती, आणि या भागाचा लेखक फिलिप लेव्हीन याने ते दुखणे नेमके पकडले आहे. कर्नलच्या आडून इतर मंडळी तो देश परत बळकावण्याचा कट रचत असतात. मात्र ज्या देशावरून हे सारे चालले आहे, त्या देशाच्या माणसांना येथे जवळजवळ आवाजच नाही. क्लेमेन्सच्या पथ्यांत कृष्णवर्णीय माणसे दाखवायची नाहीत, हेही एक होते. सामान्य माणसे काढून टाकल्याने मालिकेला सौंदर्य लाभले, हे मी वर लिहिले आहे. त्याच कात्रीने ही माणसेही कापली गेली, हे तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. ‘हनी फॉर द प्रिन्स’मध्ये अरबी राजपुत्राची भूमिका झिया मोहयुद्दीनने केली आहे. लायलपूरला जन्मलेला आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’तील डॉ. अझीझ रंगभूमीवर गाजवणारा हा नट येथे जनानखान्याच्या ठोकळेबाज सजावटीत बसवला आहे, तरीही मॅकनीसमोर तो इतक्या सहजतेने आणि मिश्कीलपणे उभा राहतो की, त्या दोघांचे प्रसंग मी पुन्हा लावले.

बाकीच्या भागांविषयी फार लिहीत नाही. ‘द सायबरनॉट्स’ आजही उत्तम वाटतो. ‘टू मेनी ख्रिसमस ट्रीज’मध्ये कॅथी गेलचे शुभेच्छापत्र फोर्ट नॉक्सहून, म्हणजे ‘गोल्डफिंगर’मधील सोन्याच्या कोठाराच्या ठिकाणाहून येते, ही ‘गोल्डफिंगर’ची आठवण दर वेळी तेवढाच आनंद देते. ‘अ टच ऑफ ब्रिमस्टोन’ अमेरिकेत दाखवला गेला नव्हता म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्यातली खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पीटर विनगार्डने साकारलेला खलनायक जॉन क्लीव्हर्ली कार्टनी.

रंगीत पर्वाकडे वळताना मी एक प्रयोग सुरू केला आहे. ब्रिटनमध्ये ही मालिका दाखवणाऱ्या आयटीव्ही वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण नोव्हेंबर 1969 मध्ये आले आणि ही मालिका तेथे त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपली होती. म्हणजे रंग भरले गेले ते अमेरिकेतील एबीसी वाहिनीसाठी, आणि ब्रिटिश प्रेक्षकांनी मिसेस पीलचे रंगीत भाग त्या वेळी कृष्णधवलच पाहिले. म्हणून मी प्रत्येक भाग एकदा रंगांत आणि एकदा पडद्याचे रंग पूर्ण उतरवून पाहते आहे. ‘द जोकर’ यासाठी फारच सोयीचा ठरला, कारण तो क्लेमेन्सच्याच 1963 मधील ‘डोन्ट लुक बिहाइंड यू’ या कॅथी गेलच्या भागाची नवी आवृत्ती आहे आणि त्यामुळे तीन रूपे शेजारी ठेवता आली. रंगांत पाहिले की डोळा पत्त्यांच्या सजावटीवर आणि मिसेस पीलच्या कपड्यांवर रेंगाळतो आणि घरातील धोका मागे पडतो. रंग उतरवले की बदाम आणि इस्पिक एकाच करड्या छटेत मिसळतात, जिना लांब वाटू लागतो आणि तबकडीवर पुन्हा पुन्हा वाजणारे ते जर्मन गाणे एकदम जवळ येते. तरीही ताणाच्या बाबतीत 1963 चा व्हिडिओटेपवरचा भागच मला सरस वाटला. त्यातील घर लहान आहे आणि ब्लॅकमन त्यात खरोखर एकटी आहे.

रंगांनी काहीच दिले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘मिसेस पील, वुई आर नीडेड’ हा निरोप दर भागात नव्या ठिकाणी उगवतो, कधी चक्क भिंतीवरच्या कागदाखालून, आणि ती गंमत रंगांत अधिक खुलते. मिसेस पीलच्या पांढऱ्या लोटस मोटारीची जागा निळ्या लोटसने घेतली आहे; ती गाडी हिरव्या गल्लीबोळांतून जाताना पाहण्यासाठी मी रंग परत लावते, हे येथे नमूद करते.

पुढील टप्प्यात ‘द विंग्ड अॅव्हेंजर’ आणि ‘मर्डर्सव्हिल’ यांच्यावर हाच दुहेरी प्रयोग करायचा आहे. पहिला एका चित्रकथेभोवती गुंफलेला असल्याने तेथे रंगांची बाजू भक्कम निघेल, असा माझा अंदाज आहे; दुसऱ्यात अख्खे गाव खुनाच्या धंद्यात सामील असल्याने ओसाडपणाचा रकाना पुन्हा उघडावा लागेल. ‘द फरगेट-मी-नॉट’ मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्यात मिसेस पील निरोप घेताना जिन्यात भेटलेल्या, तिची जागा घेणाऱ्या टारा किंगला (लिंडा थॉर्सन) स्टीडचा चहा कोणत्या दिशेने ढवळायचा ते सांगते, आणि लिंडा थॉर्सनच्या पर्वाविषयी आजवर जे कठोर शब्द वाचले आहेत, ते बाजूला ठेवून त्या पर्वाला या दृश्यानंतर लगेच हात घालायचा, असे मी ठरवले आहे.